वावडे : खरे आणि मानलेले

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा शिक्षणाविषयी चार शब्द लिहावेत असे प्रथम आमच्या मनात आले. परंतु न्यासाच्या शिष्यवृत्त्या, वसतिगृह आणि वाचनालय यांविषयी आमच्याहून जाणती माणसे या अंकात लिहितीलच. म्हणून आम्ही एका साध्या, घरगुती, पण प्रसंगी जिवावर बेतणाऱ्या विषयाकडे वळलो. तो विषय म्हणजे वावडे. हा विषय निवडण्यास आमच्याच हातून घडलेली एक चूक कारण झाली. ती आधी सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांतीचा दिवस होता आणि नेहमीप्रमाणे वर्गात तिळगूळ वाटणे चालले होते. आठवीतला एक मुलगा हात मागे बांधून उभा राहिला. "सर, मला तीळ चालत नाहीत," तो म्हणाला. आम्ही हसून म्हटले, "अरे, आजच्या दिवशी तिळगुळाला कोणी नको म्हणते काय? एवढ्याशाने काय होते?" वर्ग हसला. पोराने मान खाली घातली आणि अर्धी वडी तोंडात टाकली. दहा मिनिटे झाली नसतील, तोच त्याचे ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या, आवाज बसला आणि तो धापा टाकू लागला. शाळेजवळच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी धावत येऊन त्याच्या मांडीत एक सुई टोचली आणि मग त्यास मोठ्या रुग्णालयात नेण्यात आले. मुलगा वाचला. रात्री त्याची आई आम्हास रुग्णालयाच्या ओसरीत भेटली. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "सर, त्यानं तुम्हाला सांगितलं होतं की!"

या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही विज्ञान शिकवतो आणि पदवी घेतलेले शिक्षक म्हणवतो; तरी एका मुलाच्या अंगाने दिलेली साक्ष आम्ही खोटी ठरवली होती. त्यानंतर आम्ही या विषयावरील पुस्तके मिळवून वाचली, ओळखीच्या डॉक्टरांस प्रश्न विचारून भंडावले आणि जे समजले ते दरवर्षी वर्गात सांगू लागलो. तेच येथे मांडत आहोत. आम्ही वैद्य नव्हे. औषधोपचार सांगणे हा आमचा अधिकार नाही. परंतु काय ओळखावे आणि केव्हा धावावे, एवढे तरी प्रत्येक घरास ठाऊक असावे.

एक शब्द, चार अर्थ

घोटाळ्याचे मूळ आमच्या मते भाषेतच आहे. 'त्याला कष्टाचे वावडे आहे' असे आपण आळशी माणसाविषयी म्हणतो. 'हिला वांग्याचे वावडे' असे नाक मुरडणाऱ्या मुलीविषयी म्हणतो. त्यामुळे कोणी खरोखरच वावडे सांगू लागला, म्हणजे आपल्या कानास ती नावड वाटते आणि नावड ही आग्रहाने मोडावयाची असते, असे आपले संस्कार सांगतात. पंगतीत आग्रह करणे हा आपल्याकडे आदराचा भाग आहे. त्या आग्रहाची येथे गल्लत होते.

वास्तविक या एका शब्दाखाली चार निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे नावड. ती जिभेची असते. दुसरी म्हणजे बाधा. पदार्थच दूषित किंवा दाहक असला की ती कोणासही होते. तिसरी म्हणजे न पचणे. आणि चौथे ते खरे वावडे, ज्यास आता घरोघर 'ॲलर्जी' म्हणतात. पहिलीचा विचार आईने करावा. उरलेल्या तिघींचा विचार आपण करू.

बाधेचे आपल्या भागातील एक चांगले उदाहरण बांगड्याचे आहे. बेळगावच्या बाजारात बांगडा येतो तो गोवा-कारवारकडून घाट चढून. वाटेत त्यास पुरेसा बर्फ मिळाला नाही, तर माशाच्या मांसात असलेल्या हिस्टिडीन नावाच्या द्रव्यापासून जंतू हिस्टामिन हे द्रव्य बनवतात. असा मासा खाल्ला की थोड्याच वेळात तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगास खाज सुटते. माणूस म्हणतो, 'मला माशाची ॲलर्जी झाली,' आणि जन्मभर मासा सोडतो. वस्तुतः दोष त्याच्या अंगाचा नसून बर्फाच्या टोपलीचा असतो. हे द्रव्य शिजवल्यानेही नाहीसे होत नाही, हे गृहिणींनी लक्षात ठेवावे. येथे एक सोपी कसोटी लावता येते. त्या ताटातील मासा खाल्लेल्या बऱ्याच जणांस त्रास झाला, तर संशय माशावर घ्यावा. एकट्यासच आणि दर वेळी झाला, तर त्या माणसाच्या अंगावर घ्यावा.

न पचण्याचे उदाहरण दुधाचे. दुधातील साखर पचवणारा लॅक्टेज नावाचा पाचकरस बाळपणी भरपूर असतो. पुढे अनेकांच्या आतड्यात तो कमी होत जातो. अशा माणसास पेलाभर दूध प्याल्यावर पोट फुगणे, गुडगुडणे, जुलाब होणे असा त्रास होतो. दही-ताक बहुधा सोसते, कारण विरजणातील जंतूंनी त्या साखरेचा काही भाग आधीच संपवलेला असतो. हा त्रास खरा आहे, पण त्याने जीव जात नाही. उलट लहान बाळास दुधाचे खरे वावडे असेल, तर चमचाभर दुधानेही त्याच्या अंगावर गांधी उठतात आणि श्वास अडतो. दोहोंस आपण 'दूध चालत नाही' असेच म्हणतो. म्हणून डॉक्टरांस सांगताना नेमके काय होते आणि किती वेळाने होते, ते सांगावे.

अंगाची स्मरणशक्ती

खऱ्या वावड्याचा शोध कसा लागला, तेही मनोरंजक आहे. फ्रान्समधील शार्ल रिशे आणि पोर्तिए हे दोघे शास्त्रज्ञ समुद्रातील एका फुलासारख्या प्राण्याच्या विषावर प्रयोग करीत होते. कुत्र्यास आधी थोडे थोडे विष देऊन त्याचे अंग विषास सरावेल, असा त्यांचा कयास होता. परंतु झाले उलटेच. पहिल्या वेळी सहज सोसलेल्या कुत्र्यास सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा अल्पशी मात्रा दिली, तो अर्ध्या तासाच्या आत मेला. अंग सरावले नव्हते, बिथरले होते. हे संशोधन १९०२ साली प्रसिद्ध झाले आणि त्याबद्दल रिशे यांस १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. 'ॲलर्जी' हा शब्द त्यानंतर १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ फॉन पिर्के यांनी बनवला.

१९२१ साली जर्मनीत प्राउस्निट्झ आणि क्यूस्टनर या दोन डॉक्टरांनी एक धाडसी प्रयोग केला. क्यूस्टनर यांस शिजवलेल्या माशाचे वावडे होते. प्राउस्निट्झ यांस नव्हते. क्यूस्टनर यांच्या रक्तातील थोडी लस प्राउस्निट्झ यांनी आपल्या पोटाच्या कातडीत टोचून घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. लगेच तेथे गांध उठली. वावडे हे मनाचे खूळ नसून रक्तात वाहणारी वस्तू आहे, हे त्या गांधीने सिद्ध केले. ती वस्तू कोणती, हे समजण्यास मात्र आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. अमेरिकेत काम करणारे इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिख या शास्त्रज्ञांनी १९६६-६७ च्या सुमारास ती ओळखली. तिला 'आयजीई' असे नाव आहे.

तिचे काम असे चालते. परक्या जंतूस ओळखून हुसकून लावणारी आणि त्याची आठवण ठेवणारी एक यंत्रणा आपल्या अंगात असते. लस टोचून रोग टाळता येतो तो या आठवणीमुळेच. परंतु कधी कधी ही यंत्रणा चुकते आणि तीळ, शेंगदाणा, कोळंबी, फुलांचे पराग किंवा एखादे औषध अशा निरुपद्रवी वस्तूची नोंद शत्रू म्हणून करून ठेवते. पहिल्या भेटीत बाहेरून काहीच दिसत नाही. आत मात्र त्या वस्तूसाठी नेमके आयजीई तयार होते आणि कातडी, नाक, घसा, श्वासनलिका, आतडी यांतील मास्ट नावाच्या पेशींवर जाऊन बसते. ती वस्तू पुन्हा आली की या पेशी आपल्या पोटातील हिस्टामिन व इतर द्रव्ये एकदम बाहेर टाकतात. सूक्ष्म रक्तवाहिन्या सैल होऊन पाझरू लागतात, म्हणून गांधी उठतात आणि ओठ सुजतात. श्वासनलिका आवळतात, म्हणून धाप लागते. आणि सर्वांगात हेच घडले, तर रक्तदाब कोसळून माणूस बेशुद्ध पडतो. हे सारे बहुधा काही मिनिटांत, फार तर एकदोन तासांत घडते.

'एवढ्याशाने काय होते?' या आमच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. विषाचा हिशेब मात्रेवर चालतो. वावड्याचा मुख्यतः ओळखीवर. अंगाने शत्रू ओळखला की अर्धी वडीही पुरते. काहींस तर त्याच कढईतील तेल किंवा तोच चमचा पुरतो. ज्या तिळास आम्ही क्षुल्लक समजलो, त्याचे वावडे आता इतके सर्वमान्य झाले आहे की, अमेरिकेत २०२१ साली कायदा करून मुख्य वावड्याच्या पदार्थांच्या यादीत तिळाचा समावेश झाला आणि २०२३ पासून डबाबंद खाद्यांवर त्याचा उल्लेख सक्तीचा झाला.

दोन दिवसांनी बोलणारे वावडे

आतापर्यंत सांगितले ते तडकाफडकी उठणारे वावडे. दुसरे एक संथ असते. ते कातडीस होते आणि वस्तू लागल्यावर बहुधा एकदोन दिवसांनी बोलते. त्यात आयजीईचा हात नसतो. रक्तातील लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जमून हळूहळू सूज आणतात. आज पुरळ उठले म्हणून माणूस आजच्या जेवणात कारण शोधतो आणि तेथेच फसतो. कारण काल-परवाच्या दिनक्रमात शोधावयाचे असते.

आपल्याकडील जुने उदाहरण बिब्ब्याचे. कोणाच्या कामात विघ्न आणले की आपण 'बिब्बा घातला' म्हणतो. त्या बिब्ब्याच्या काळ्या तेलाने परीट कपड्यांवर खुणा करीत. हे तेल मुळातच दाहक आहे, पण त्याशिवाय ते कातडीस वावडेही शिकवते. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर खाजरे पुरळ उठू लागले, तेव्हा डॉक्टरांस उलगडा होईना. शेवटी ध्यानात आले की, पुरळ नेमके सदऱ्याच्या गळपट्टीवरील परिटाच्या खुणेखाली उठते.

बिब्बा, काजू आणि आंबा ही तिन्ही झाडे एकाच कुळातील. काजूच्या टरफलातील तेल आणि आंब्याच्या देठाचा चीक यांत बिब्ब्याच्या तेलाची भावंडे असतात. म्हणून खानापूर-चंदगड भागात किंवा गोव्यात काजूबिया सोलणाऱ्या बायांचे हात सोलवटतात. म्हणून आंबा न धुता, न सोलता तोंडाने चोखणाऱ्या एखाद्या पोराच्या ओठांभोवती दोन दिवसांनी पुरळ येते. त्यास आपण 'आंबा उष्ण पडला' म्हणतो. तो उष्ण नसतो. देठाकडचा चीक काढून, आंबा धुऊन व सोलून खाल्ला, तर बहुतेकांस तो सुखाने चालतो.

आता मेंदीविषयी. आमच्या घरी चांदरातीस आणि आपल्या सर्वांच्याच घरी लग्नकार्यात मेंदी लागते. पाल्याच्या खऱ्या मेंदीचे वावडे क्वचितच आढळते. ती कित्येक तास ठेवावी लागते, आधी नारिंगी चढते आणि मग तांबूस-तपकिरी होते. परंतु अलीकडे 'काळी मेंदी' म्हणून जे विकले जाते आणि तासाभरात काळेभोर चढते, त्यात पॅराफिनिलीनडायअमिन, म्हणजे 'पीपीडी' नावाचे रसायन असू शकते. केसांच्या काळ्या कलपात असते तेच हे. कलपात त्याच्या प्रमाणास काही मर्यादा असते. काळ्या मेंदीत घालणाऱ्यास मर्यादा कोण घालणार? कोवळ्या हातावर त्याची नक्षी फोडांच्या रूपाने उठते आणि कधी कधी डाग मागे राहतो. याहून वाईट म्हणजे ही आठवण अंग बहुधा जन्मभर सोडत नाही. बाराव्या वर्षी काळी मेंदी लावलेली मुलगी चाळिसाव्या वर्षी केसांस कलप लावते आणि सकाळी तिचे डोळे सुजून मिटलेले असतात. मेंदी काळी हवी असा हट्ट मुलींनी करू नये आणि आयांनी पुरवू नये.

याच जोडीने एक आक्षेप वारंवार ऐकू येतो. 'वीस वर्षे हाच कलप लावतो, तेव्हा काही झाले नाही. मग आताच कसे?' वावडे हे शिकलेले असते आणि अंग कोणत्याही वयात शिकू शकते. ज्याचा संबंध वारंवार येतो, त्याचेच वावडे जडण्याचा संभव अधिक. कलपाच्या वेष्टनावर कानामागे थोडा लावून दोन दिवस वाट पाहा असे छापलेले असते, ते यासाठीच. आणि ते कोणी वाचत नाही.

गवंड्यांच्या हातांविषयीही सांगितले पाहिजे. ओला सिमेंट आधीच दाहक. त्यात क्रोमियमचे क्षार असतात, त्यांचे वावडे जडले की हात भेगाळून सुजतात आणि पोटाचा धंदा सुटतो. युरोपात २००५ पासून सिमेंटमधील अशा क्रोमियमवर कडक मर्यादा आहे. सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून ते निरुपद्रवी करता येते. नकली दागिन्यांतील निकेलचेही असेच. कान टोचल्यावर स्वस्त डूल घातले की पाळी चिघळते आणि लोक 'कान पिकला' म्हणून सोडून देतात. आणि आमच्या शिक्षकबंधूंस एक विनंती आहे. रस्तोरस्ती माजलेले काँग्रेस गवत १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम लक्षात आले आणि तेथून सर्वत्र पसरले. त्याच्या वाळलेल्या भुकटीनेही काहींच्या पापण्या, मान आणि कोपराच्या घड्या सोलवटून निघतात. श्रमदानात मुलांकडून ते उघड्या हातांनी उपटवून घेऊ नये.

टिकलीविषयीही एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. काही चिकट टिकल्यांच्या गोंदात असे एक रसायन आढळले आहे की, ते कातडीस रंग देणाऱ्या पेशीच मारते. तेथे टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. आपल्या समाजात पांढरा डाग दिसला की लोक कुजबुजतात आणि मुलीचे लग्न अडते. टिकलीच्या जागीच डाग असेल, तर आधी ती टिकली थांबवून त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावे. आणि कोड असले तरी ते स्पर्शाने लागत नाही, हेही जाता जाता सांगतो.

औषधे आणि खोटी वावडी

औषधांची वावडी सर्वांत जपण्यासारखी. पेनिसिलिनने लाखो जीव वाचवले, पण एखाद्यास तेच तडकाफडकी घात करते. कोणास वेदनाशामक किंवा सल्फाच्या गोळीने दर वेळी अंगावर नेमक्या त्याच जागी काळसर चट्टा उठतो. तो चट्टा म्हणजे अंगाने केलेली नोंदच समजावी. आणि एखादे नवे औषध सुरू केल्यावर ताप येऊन तोंडात, डोळ्यांत व्रण आणि अंगावर फोड येऊ लागले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. 'गर्मी बाहेर पडते आहे' म्हणून वाट पाहू नये. ती वाट जिवावर बेतते.

याची दुसरी बाजूही आहे. खोटे वावडे जपणेही महाग पडते. बाळपणी तापात पुरळ उठले आणि त्याच सुमारास पेनिसिलिन दिले होते, एवढ्यावरून माणूस आयुष्यभर 'मला पेनिसिलिन चालत नाही' म्हणतो. अमेरिकेत अशा लोकांची नीट तपासणी केली असता दहांपैकी सुमारे नऊ जणांस ते चालते असे आढळले. शंभर पदार्थांची रक्ततपासणी करून आणून निम्मे स्वयंपाकघर बंद करणाऱ्यांचीही आम्हास काळजी वाटते. रक्तात आयजीई सापडले म्हणजे वावडे झालेच असे नव्हे. खाल्ल्यावर प्रत्यक्ष त्रास होतो किंवा नाही, ते महत्त्वाचे. तडकाफडकीच्या वावड्यासाठी कातडीवर सूक्ष्म टोचणी देऊन, आणि संथ वावड्यासाठी पाठीवर दोन दिवस पट्ट्या चिकटवून तपासणी करतात. ती तज्ज्ञांनीच करावी. घरी 'थोडे खाऊन पाहू' असा प्रयोग करू नये.

तान्ह्या बाळांविषयी मात्र मत पालटले आहे. पूर्वी शेंगदाण्यासारखे पदार्थ उशिरापर्यंत देऊ नयेत असे सांगत. लंडन येथे ६४० बाळांवर झालेले संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. ही बाळे इसबाने खाजऱ्या झालेल्या त्वचेची किंवा अंड्याचे वावडे असलेली, म्हणजे जोखमीची होती. ज्यांस शेंगदाणा वर्ज्य ठेवला, त्यांतील सुमारे १७ टक्क्यांस पाचव्या वर्षी त्याचे वावडे होते. ज्यांस पहिल्या वर्षापासून तो नियमाने दिला, त्यांत सुमारे ३ टक्क्यांस. अर्थात अख्खा दाणा घशात अडकतो, तेव्हा तो पातळ वाटूनच द्यावा. आणि आधीच त्वचेचा त्रास असलेल्या बाळास डॉक्टरांस विचारून द्यावा.

प्रसंग ओढवल्यास

साध्या गांधी उठल्या, तर आमसुलाचे पाणी लावणारी आजी घरोघर असते. तिच्यावर आमचा राग नाही. परंतु गांधींबरोबर आवाज घोगरा झाला, जीभ किंवा घसा सुजला, धाप लागली, वारंवार उलट्या होऊ लागल्या किंवा घेरी आली, तर एक क्षणही घरगुती उपायांत दवडू नये. अशा वेळी खरे औषध एकच, ते ॲड्रेनालिन. ते मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत टोचतात. आमच्या विद्यार्थ्यास वाचवणारी सुई तीच होती. खाजेच्या गोळ्या तिची जागा घेऊ शकत नाहीत. १०८ क्रमांकास फोन करावा आणि 'तीव्र ॲलर्जी आहे, श्वास अडतो आहे' असे स्पष्ट शब्दांत सांगावे. रुग्णास आडवे निजवून पाय उंच करावेत. श्वासास फार त्रास असेल, तर टेकून बसू द्यावे. परंतु उभे करू नये, चालवू तर मुळीच नये. तोंडात पाणी घालू नये. बरे वाटू लागले तरी रुग्णालयात काही तास राहावे, कारण तोच झटका काही तासांनी पुन्हा उलटू शकतो.

न्यासाच्या विश्वस्तांपुढे तीन लहान सूचना ठेवून हा लेख संपवतो. वसतिगृहाच्या प्रवेशपत्रिकेत 'कोणत्या वस्तूने वा औषधाने त्रास होतो, काय होतो आणि किती वेळाने होतो' अशी एक ओळ घालावी. वार्षिक स्नेहभोजनाच्या दिवशी कोणत्या पदार्थात शेंगदाणा, तीळ, काजू, दूध, अंडे अथवा मासळी आहे, हे दाखवणारी पाटी लावावी आणि प्रत्येक भांड्यात स्वतंत्र पळी ठेवावी. आणि ज्याचे वावडे डॉक्टरांनी निश्चित केले आहे, त्याने ते एका कागदावर लिहून खिशात बाळगावे. या तिन्हींस मिळून न्यासाचे शंभर रुपयेही खर्च होणार नाहीत.

राहिले ते आग्रहाचे. आग्रह करूच नये असे आम्ही म्हणत नाही. आमच्याही घरी बिर्याणीच्या पंगतीत तो होतोच. परंतु पाहुणा 'मला हे चालत नाही' असे म्हणाला, तर दुसऱ्यांदा वाढण्यापूर्वी 'काय होते हो तुम्हाला?' एवढे विचारावे आणि उत्तर खरे मानावे. त्या प्रसंगानंतरच्या संक्रांतीस आम्ही वर्गात तिळगूळ वाटण्याआधी एक ताजी ढेप घरीच वेगळी फोडून नेली होती. त्या मुलाने हात पुढे केला. त्याच्या हातावर आम्ही नुसता गुळाचा खडा ठेवला, आणि या वेळी वर्ग हसला नाही.

आपल्या न्यासाच्या पंगतीत येणाऱ्या प्रत्येक लेकरास असाच त्याचा त्याचा खडा मिळो, आणि न्यासाचा अमृतमहोत्सव पाहण्याचे भाग्य आपणा सर्वांस लाभो, ही प्रार्थना.